मिट्रल झडपेची गळती : परीक्षण आणि दुरुस्ती
(प्रस्तावना)

हृदयाच्या झडपांमध्ये दोन तऱ्हांचे दोष निर्माण होतात : झडप पुरेशी उघडत नाही, किंवा ती पुरती मिटत नाही. पहिल्या दोषाला झडपेचा संकोच आणि दुसऱ्याला झडपेची गळती म्हणतात. पुष्कळ रुग्णांत हे दोन्ही दोष एकाच झडपेत नांदत असतात. शल्यचिकित्सेच्या इतिहासात संकोचावरचा उपाय आधी सापडला आणि गळतीवरचा बऱ्याच उशिरा, आणि या उशिराचे कारण केवळ उपकरणांच्या अभावात शोधून चालणार नाही. चिकटलेली झडप मोकळी करायची, तर ती कोठे चिकटली आहे एवढे समजले की काम भागते, आणि तेवढे बोटाच्या स्पर्शालाही समजते. गळतीचे तसे नाही. ती झडपेच्या कोणत्याही एका घटकातील बिघाडामुळे होते, कधी दोनतीन घटक एकाच वेळी बिघडल्यामुळे होते, तर कधी झडप स्वतः निकोप असताना भोवतालचा स्नायू पसरल्यामुळेही होते. म्हणून गळक्या झडपेच्या दुरुस्तीत टाके घालण्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व परीक्षणाला आहे, असे धरून पुढील विवेचन केले असून त्याचा मुख्य भर मिट्रल झडपेवर ठेवला आहे. कारण दुरुस्तीचे शास्त्र प्रामुख्याने याच झडपेवर घडले.

1925 साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या डाव्या अलिंदातून, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यातून, बोट आत घालून मिट्रल झडप चाचपली, तेव्हा त्यांच्या बोटाला संकोचापेक्षा गळतीच अधिक जाणवली आणि झडप कापण्याचा मूळ बेत त्यांनी जागच्या जागी सोडून दिला. बोटाने जेवढी सैल करता आली तेवढी करून त्यांनी हृदय शिवले. मुलगी बरी झाली, तरी असा दुसरा रुग्ण सूटर यांच्याकडे पुन्हा पाठवला गेला नाही. संकोचावरची ही बोटाची शस्त्रक्रिया 1948 मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली, बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन आणि लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी पुन्हा हाती घेतली आणि थोड्याच वर्षांत ती भारतातही रुळली, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांच्या हाताखाली शिकलेल्या पिढीला ती चांगलीच परिचयाची होती. गळतीपुढे मात्र बोट निरुपयोगी होते. जॉन गिबन यांनी 1953 मध्ये हृदय-फुप्फुस यंत्र, म्हणजे हृदय थांबवलेले असताना शरीराला प्राणवायुयुक्त रक्त पुरवणारे यंत्र, यशस्वीपणे वापरल्यानंतरच झडप उघड्या डोळ्यांनी पाहणे शक्य झाले, आणि 1957 मध्ये मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी गळक्या मिट्रल झडपेचे पसरलेले कडे, म्हणजे दलांना धरून ठेवणारा झडपेचा बाहेरचा घेर, टाक्यांनी आवळून दाखवले.

ही वाट रुंदावण्याआधीच 1960 मध्ये अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप आली, आणि बिघडलेली झडप काढून तिच्या जागी नवी बसवणे हाच बहुतेकांचा राजमार्ग ठरला. असंख्य रुग्ण त्या झडपेमुळे जगले, हे निर्विवाद. तथापि या यशाचा एक परिणाम फारसा बोलून दाखवला जात नाही : जी झडप कापून टाकायचीच आहे, ती नेमकी का गळते याचा बारकाईने शोध घेण्याची निकड शल्यचिकित्सकाला उरली नाही, आणि परीक्षणाची विद्या जवळजवळ एक दशक मागे पडली.

मिट्रल झडप डावे अलिंद आणि डावे निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, यांच्यामध्ये असते. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त अलिंदातून निलयात उतरते आणि निलय आकुंचन पावले की ते महाधमनीत फेकले जाते; त्या क्षणी निलयातील दाब सुमारे 120 मिलिमीटर पाऱ्याइतका, तर अलिंदातला जेमतेम 10 च्या आसपास असतो. हा एवढा फरक दिवसाकाठी सुमारे 1 लाख वेळा पेलण्याचे काम झडपेच्या दोन पातळ दलांवर येते. पुढचे दल उंच असून कड्याचा सुमारे एक तृतीयांश घेर व्यापते. मागचे दल बुटके, पण उरलेला दोन तृतीयांश घेर व्यापणारे असते, आणि त्याच्या कडेला असलेल्या खाचांमुळे त्याचे तीन भाग पडतात, ज्यांना शल्यचिकित्सक पी-1, पी-2, पी-3 म्हणतात. पुढच्या दलाच्या समोरासमोरच्या भागांना ए-1, ए-2, ए-3 अशी नावे आहेत. दलांच्या कडांपासून तंतूंसारखे बारीक कंडरारज्जू निघून निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या दोन पॅपिलरी स्नायूंना जोडलेले असतात. निलय आकुंचन पावताना हे स्नायूही आकुंचन पावतात, त्यामुळे रज्जू ताणलेले राहतात आणि दले अलिंदाकडे उलटत नाहीत. दले मिटताना नुसती कडेला कड लागत नाही. काही मिलिमीटर उंचीचा पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसतो, आणि झडपेची खरी राखीव ताकद या पृष्ठभागातच असते. कडे, दले, रज्जू, पॅपिलरी स्नायू आणि खालची निलयाची भिंत यांपैकी कोणतीही गोष्ट बिघडली, तरी हा मिलाफ तुटतो.

गळती सुरू झाली की निलयाला प्रत्येक ठोक्याला पुढे पाठवायचे रक्त आणि मागे परतणारे रक्त असे दुहेरी ओझे उचलावे लागते. ते हळूहळू पसरते आणि बरीच वर्षे हे ओझे कुरकुर न करता वाहते. जिना चढताना लागणारी धाप किंवा रात्री दोनतीन उशा घेतल्याशिवाय झोप न येणे, ही लक्षणे पुष्कळदा स्नायूची हानी झाल्यावरच दिसतात. त्यातच एक फसवा आकडा वैद्यांनाही गाफील ठेवतो. इको, म्हणजे ध्वनितरंगांनी केलेल्या हृदयाच्या तपासणीच्या अहवालात ‘ईएफ’ म्हणून छापला जाणारा आकडा निलयातले किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडते हे सांगतो. पण गळक्या झडपेच्या रुग्णात त्यातला मोठा वाटा कमी दाबाच्या अलिंदात परत गेलेला असतो, म्हणजे निलयाला रिकामे होण्यासाठी एक सोपी चोरवाट मिळालेली असते. त्यामुळे इतरत्र समाधानकारक मानला जाणारा 55 टक्क्यांचा आकडा येथे स्नायू थकल्याची खूण ठरतो, आणि दुरुस्तीने चोरवाट बंद झाली की तो आणखी घसरतो. म्हणूनच झडपेचाच मूळ दोष असलेल्या तीव्र गळतीत, लक्षणे नसतानाही, ईएफ 60 टक्क्यांपर्यंत उतरला किंवा आकुंचनाच्या अखेरीस निलयाचा व्यास 40 मिलिमीटरवर गेला, की शस्त्रक्रियेचा विचार करावा असे आजचे संकेत सांगतात.

छातीला नळी लावून ऐकू येणारा, हृदयाच्या टोकापासून काखेकडे पसरणारा मर्मर गळतीचे निदान करून देतो. तिची जात मात्र सांगू शकत नाही. ती इको तपासणीने कळते. स्वीडनमधील लुंड येथे 1953 मध्ये इंगे एड्लर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी ध्वनितरंगांनी हृदयाची हालचाल टिपली, आणि पुढे डॉप्लर तंत्रामुळे रक्ताच्या प्रवाहाची दिशा व वेग रंगांत दिसू लागला. मागे फिरणाऱ्या प्रवाहाची दिशा हा परीक्षणातला मोठा पुरावा आहे : मागचे दल अलिंदात उलटत असेल, तर प्रवाह त्याच्या विरुद्ध, म्हणजे पुढच्या बाजूला जातो; तेच दल आखडून वर येत नसेल, तर प्रवाह त्याच्याच बाजूला वळतो. मोजमापात 40 चौरस मिलिमीटर किंवा त्याहून मोठे छिद्र, प्रत्येक ठोक्याला 60 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्ताचे परतणे, अशी गळती तीव्र मानली जाते. परंतु अलिंदाच्या भिंतीला घासत जाणारा तिरपा प्रवाह पडद्यावर आहे त्यापेक्षा लहान दिसतो, हे न जाणणारा वाचक अहवालाने फसतो. याहून मोठा धोका शस्त्रक्रियागृहात असतो. भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो आणि त्याबरोबर गळतीही कमी भासते. अन्ननलिकेतून घेतलेल्या इकोवर आदल्या आठवड्यातली तीव्र गळती मध्यम दिसू लागते. अशा वेळी औषधाने दाब नेहमीच्या पातळीवर आणून पुन्हा पाहावे, आणि जागेपणी केलेल्या तपासणीला अधिक मान द्यावा, हे अनुभवी भूलतज्ज्ञांना पक्के ठाऊक असते.

या सर्व निरीक्षणांना एका सूत्रात गोवण्याचे श्रेय पॅरिसमधील ब्रूसे रुग्णालयातल्या आलँ कार्पेंतिए यांना जाते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी झडपेच्या कड्याला मूळ आकार देणारी कडी वापरात आणली, आणि 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ निबंधात आपली विचारपद्धती सविस्तर मांडली. त्यांनी रोगाचे नाव, त्याने केलेली इजा आणि त्या इजेमुळे झालेला कार्यदोष या तीन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि वर्गीकरणासाठी तिसरी निवडली. दलांची हालचाल नेहमीसारखी असून कडे पसरले असेल किंवा दलाला भोक असेल, तर तो पहिला प्रकार. दल अलिंदात गरजेहून अधिक वर जात असेल, तर दुसरा. दल आखडले असेल, तर तिसरा. तिसऱ्यातही दल उघडताना व मिटताना दोन्ही वेळा आखडलेले असते की केवळ मिटतानाच खाली ओढले जाते, असा भेद आहे. पहिला पोटप्रकार बहुधा संधिवाताच्या तापाने होतो, तर दुसरा हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयाची भिंत फुगल्यामुळे. ही मांडणी आता इतकी सरावाची झाली आहे की तिच्यातले धाडस सहसा ध्यानात येत नाही. झडप मूळच्यासारखी दिसली पाहिजे हा आग्रह तिने सोडला. दलांचा पुरेसा पृष्ठभाग एकमेकांवर बसला आणि ती मोकळेपणाने हलली, की रूप कसेही असो, दुरुस्ती साधली असे तिने ठरवले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर या विचारपद्धतीची कसोटी लागते, कारण तेथे एक मूलभूत अडचण उभी असते : जी झडप केवळ चालत्या हृदयात गळते, ती थांबलेल्या, सैल पडलेल्या हृदयात पारखायची असते. छाती उघडून रुग्णाला यंत्रावर घेतले जाते, महाधमनीला चिमटा लावून पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय स्तब्ध केले जाते आणि डाव्या अलिंदाची भिंत उघडली जाते. झडपेला हात लावण्यापूर्वी जाणता शल्यचिकित्सक अलिंदाची आतली भिंत न्याहाळतो. वर्षानुवर्षे परतीच्या रक्ताचा फवारा जेथे आपटत आला, तेथे अस्तर जाड व पांढुरके झालेले असते, आणि ती जागा फवाऱ्याची दिशा इकोच्या पडद्याइतक्याच खात्रीने सांगते. मग बोथट आकड्याने दलाचा एकेक भाग उचलून पाहिला जातो. पी-1 हा भाग क्वचितच बिघडतो, म्हणून त्याची कड प्रमाण मानून तिच्याशी इतर प्रत्येक भागाची उंची ताडली जाते. जो भाग त्याच्याही वर ओढला जातो तो उलटणारा, जो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही तो आखडलेला. तुटलेल्या रज्जूचे मोकळे टोक कधी सहज दिसते, कधी दलाच्या मागे दडलेले सापडते. शेवटी निलयात पिचकारीने सलाइन भरले जाते. निलय फुगले की दले वर येऊन मिटतात आणि पाणी कोठून झिरपते ते दिसते. मिटण्याची रेषा कड्याच्या मागच्या बाजूला, समांतर उमटली तर ते शुभलक्षण.

दुरुस्तीची तंत्रे अनेक असली, तरी सर्वांत वारंवार आढळणारा दोष म्हणजे पी-2 चे उलटणे, आणि त्यावरचा कार्पेंतिए यांचा मूळ उपाय म्हणजे त्या भागाचा चौकोनी तुकडा कापून उरलेल्या कडा जोडणे. पुढे टोरंटोचे टायरोन डेव्हिड आणि इतर काहींनी पीटीएफई या कृत्रिम धाग्याचे नवे रज्जू बसवण्याची पद्धत रूढ केली, आणि दल कापण्यापेक्षा राखावे असे मानणारा पंथ उभा राहिला. धागा पॅपिलरी स्नायूत ओवून दलाच्या कडेला बांधणे हाताला अवघड नाही. त्याची लांबी ठरवणे अवघड आहे. पतंगाची कन्नी बोटभर चुकली तर पतंग कलतो किंवा गिरक्या घेतो, तसा धागा किंचित लांब राहिला तर दल पुन्हा उलटते आणि किंचित आखूड झाला तर गळतीची जात बदलून आखडलेल्या दलाची होते. त्यातही फुगलेले निलय शस्त्रक्रियेनंतर लहान होत जाते, त्यामुळे आज नेमका वाटणारा धागा काही महिन्यांनी लांब ठरू शकतो. म्हणून तो थोडा आखूडच ठेवण्याकडे पुष्कळांचा कल असतो.

कडी बसवणे हा बहुतेक दुरुस्त्यांचा अखेरचा टप्पा होय. कडीचा आकार पुढच्या दलाच्या मापाने निवडला जातो, कारण मिटलेल्या झडपेचा बराचसा भाग तेच दल झाकते. टाके घालताना मागच्या कड्यालगत धावणारी सर्कमफ्लेक्स रोहिणी, पुढच्या बाजूला अगदी पाठीला पाठ लावून असलेली महाधमनीची झडप आणि एका कोपऱ्याजवळचे विद्युत्संदेशाचे केंद्र, या तिन्ही जागा डोळ्यांना न दिसता सुईच्या टप्प्यात असतात. कडी लहान निवडली किंवा मागचे दल फार उंच ठेवले, तर पुढचे दल आकुंचनाच्या वेळी महाधमनीच्या वाटेत ओढले जाते. रक्ताचा मार्ग अडतो आणि झडपही पुन्हा गळते. यंत्र बंद करून हृदय स्वतःच्या बळावर चालू लागल्यावर इकोवर हे दिसले, तर आधी स्नायूला चेतवणारी औषधे बंद करून रक्ताचे प्रमाण वाढवले जाते, आणि तरीही दोष राहिला तर रुग्णाला पुन्हा यंत्रावर घ्यावे लागते. काही तासांच्या श्रमानंतर हा निर्णय घेणे कोणालाच आवडत नाही. तरीही मध्यम गळती ठेवून छाती बंद करणे ही त्या क्षणाची सोय असून तिची किंमत रुग्णाला पुढे मोजावी लागते, याविषयी जाणकारांत दुमत नाही.

दुरुस्ती नेहमीच श्रेष्ठ असते, असे मात्र नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलय फुगून होणाऱ्या तीव्र गळतीत दले निकोप असतात, आजारी असतो तो स्नायू. अशा 251 रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुरुस्ती आणि झडप-बदल यांची तुलना केली गेली. वर्षअखेरीस निलयाच्या आकारात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मात्र मध्यम किंवा तीव्र गळती दुरुस्ती झालेल्यांपैकी 32.6 टक्क्यांत, तर झडप बदललेल्यांपैकी केवळ 2.3 टक्क्यांत परतली. वाकलेल्या भिंतीवर चौकट कितीही चोख बसवली, तरी भिंतीचा कल थांबत नाही, आणि हे आधी ओळखणे हेही परीक्षणाचेच काम. मिलानचे ओतावियो अल्फिएरी यांनी 1991 मध्ये दोन्ही दले मध्यभागी एकमेकांना शिवण्याची साधी युक्ती योजली. तिच्यावरूनच, छाती न उघडता मांडीच्या शिरेतून नेऊन बसवता येणारी क्लिप निघाली, जी 2003 मध्ये काराकासमध्ये प्रथम मानवी हृदयात बसवली गेली. या क्लिपविषयीच्या दोन मोठ्या चाचण्या 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले : अमेरिकेतल्या चाचणीत मोठा लाभ, फ्रान्समधल्या चाचणीत काहीच नाही. निलयाच्या फुगवट्याच्या मानाने गळती किती मोठी होती, यातच या फरकाचे बरेचसे उत्तर असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

पाश्चात्त्य ग्रंथांतील रुग्ण बहुधा साठीच्या घरातला असतो आणि त्याची झडप वयोमानाने सैल झालेली असते. भारतातील चित्र दीर्घकाळ निराळे राहिले आहे. येथे लहानपणी घसा धरून आलेल्या आणि उपचाराविना राहिलेल्या जंतुसंसर्गानंतर संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजून बरे होतात, पण झडप जन्माची दुखावते. रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येतो तेव्हा तो, आणि बहुतेक वेळा ती, विशीतिशीत असते. दले जाड, रज्जू आखूड व एकमेकांना चिकटलेले, कोपरे जुळलेले, म्हणजे दुरुस्तीसाठी सर्वांत प्रतिकूल द्रव्य, आणि दुरुस्तीची गरज मात्र याच रुग्णाला सर्वाधिक. धातूची किंवा कार्बनची झडप बसवली, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या शेतमजूर स्त्रीला ती दर महिन्याला साधतेच असे नाही. गोळी चुकली तर झडपेत गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो, आणि गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत तीच गोळी गर्भाला अपाय करू शकते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली झडप या गोळीपासून सुटका देते, पण तरुण शरीरात ती लवकर कडक होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम. एस. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि डिसेंबर 1990 मध्ये प्रथम रुग्णात बसवली गेलेली चित्रा झडप परदेशी झडपांपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने खर्चाचा प्रश्न हलका झाला. गोळीचा प्रश्न तिनेही सुटला नाही.

म्हणून दिल्लीच्या एम्समध्ये ए. संपत कुमार आणि जोहान्सबर्गमध्ये मॅन्युएल अंतुनेस यांच्यासारख्यांनी संधिवाताने बिघडलेल्या झडपांची दुरुस्ती नेटाने केली, याचे मोल केवळ तांत्रिक नाही. जुळलेले कोपरे सोडवणे, दलावरचा जाड थर सोलून काढणे, चिकटलेले रज्जू उभे चिरून मोकळे करणे, अपुरे पडलेले दल रुग्णाच्याच हृदयावरणाच्या तुकड्याने वाढवणे, ही कामे वेळखाऊ असून त्यांचा टिकाऊपणा पी-2 च्या साध्या दुरुस्तीची बरोबरी करत नाही. काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागेल हे गृहीत धरून, मधल्या काळात गोळीविना मूल होऊ द्यावे या हिशेबाने दुरुस्ती निवडणे, हा पाश्चात्त्य संकेतावलीत ठळकपणे न सापडणारा, पण येथे पूर्णपणे शास्त्रशुद्ध निर्णय ठरतो. त्यासाठी शल्यचिकित्सकाला दलाची लवचीकता आकड्याच्या टोकावर जोखावी लागते : पुढचे दल अजून हलते का, रोग अजून धगधगतो आहे की विझला आहे, सोललेला थर काढल्यावर टाका धरण्याइतके बळ खाली उरते का. तरुण रुग्णात तापाची पुनरावृत्ती झाली, तर दुरुस्त केलेली दले पुन्हा जाड होऊ लागतात. त्यामुळे दर तीन आठवड्यांनी द्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन शस्त्रक्रियेनंतरही कित्येक वर्षे चालू ठेवावे लागते, आणि ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल की नाही, याची चौकशी झडप राखायची की बदलायची हे ठरवण्यापूर्वीच करावी लागते.